विश्लेषण : अपघातानंतर ‘लाइट ड्युटी’वर बोलावले, मग भरपाईचे काय?

प्रेस मशीनखाली दोन बोटे गेली, किंवा गोणी उचलताना कंबर धरली, आणि माणूस दीड महिना घरी बसला. मग दवाखान्याच्या चिठ्ठीवर एक ओळ येते, ‘लाइट ड्युटी, १५ दिवस’. कामगार तिचा अर्थ घेतो की अजून आपण बरे झालेलो नाही. सुपरवायझर घेतो की गडी आता कामावर येऊ शकतो. आणि भरपाई देणाऱ्याला वाटते, आता पैसे थांबवायला हरकत नाही. चिठ्ठी एकच, वाचणारे तीन.

अपघातानंतर हलके काम मिळण्याचा हक्क भारतातल्या भरपाईच्या कायद्यांनी सरळ शब्दांत दिलेला नाही. पण हलक्या कामावर रुजू झाल्यामुळे भरपाई बुडते, असेही हे कायदे म्हणत नाहीत. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत भोसरी-चाकणपासून वाळूज, सातपूर, बुटीबोरीपर्यंतचे जखमी कामगार अडकलेले असतात. ही जागा भरण्याचे काम सरकारने डॉक्टर आणि सुपरवायझर यांच्या मर्जीवर सोडले आहे.

कोणता कायदा कुणाला लागू?

पहिला प्रश्न राज्य कामगार विम्याचा, म्हणजे ‘ईएसआय’चा. आस्थापनेत १० किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि कामगाराचा पगार महिना २१ हजार रुपयांपर्यंत असेल, तर तो या विम्यात येतो. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५ हजार आहे. मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने वर्गणी भरली, याची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो.

जो या विम्यात नाही, त्याच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले. भरपाईचा सांगाडा मात्र बहुतांशी जुनाच राहिला आहे. त्याआधी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानेच चालतील. त्यामुळे ‘नवीन कायदा आला, जुने सगळे रद्द झाले’ असे कुणी गेटवर सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पगार २१ हजारांच्या वर गेला की कामगार विम्यातून बाहेर पडतो, पण भरपाईच्या हक्कातून बाहेर पडत नाही. त्याचा दावा थेट मालकावर असतो. दोन्हीकडून मात्र घेता येत नाही. विम्याचे संरक्षण असलेल्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक सुटत नाही. मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले आणि त्यात कामगार जखमी झाला, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ती ठेकेदाराकडून वसूल करणे ही मालकाची डोकेदुखी. ‘तो आमच्या रोलवर नाही’ हे वाक्य कारखान्यात जितके चालते तितके भरपाई आयुक्तांपुढे चालत नाही.

डिलिव्हरी करणारी आणि कॅब चालवणारी मुले यात कुठे बसतात? संहितेने ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगार हा वेगळा वर्ग केला आहे. त्यांच्यासाठीच्या योजनांकरिता कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. पण भरपाईच्या प्रकरणातील ‘कर्मचारी’ म्हणून त्यांना हक्क मिळालेला नाही. दुचाकीवरून पडून मनगट मोडलेल्या मुलाला लाइट ड्युटी कोण देणार, हा प्रश्न तिथे विचारण्याचीही सोय नाही.

‘कामामुळे आणि कामादरम्यान’ म्हणजे काय?

भरपाईसाठी अपघात ‘कामामुळे आणि कामादरम्यान’ झालेला असावा लागतो. मशीनवर हात गेला तर वाद होत नाही. वाद होतो तो कडेच्या प्रसंगांवर. जेवणाच्या सुट्टीत जिन्यावरून पडला, कंपनीच्या बसमधून उतरताना पाय मुरगळला, पहाटेच्या पाळीला येताना रस्त्यात ट्रकने उडवले.

या शेवटच्या प्रसंगाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ मधील निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात आला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयात ती गेली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. घर ते काम हा प्रवास वेळ, जागा आणि परिस्थिती यांनी कामाशी जोडलेला असेल तर तो अपघात कामाचाच, असे न्यायालयाने मानले. नव्या संहितेत हा नियम आता स्पष्टपणे लिहिलेला आहे. त्या कुटुंबाला मात्र त्यासाठी २२ वर्षे थांबावे लागले.

कामगाराची चूक असेल तर? साधी चूक, घाई, दुर्लक्ष यांनी भरपाई जात नाही. ती जाते तीन कारणांनी : दारू किंवा नशेच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणे, आणि मशीनचे गार्ड किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढणे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर ही कारणेही मालकाला वाचवत नाहीत. ‘त्यानेच सेन्सर बंद केला होता’ हा बचाव वारंवार येतो. तासाला किती पीस निघायला हवेत, ते कोणी ठरवले आणि सेन्सर बंद केल्याशिवाय तेवढे निघतात का, हा त्यापुढचा प्रश्न. तो विचारणारा वकील मिळाला तर प्रकरणाचा रंग बदलतो.

आणखी एक अट आहे. अपंगत्व तीन दिवसांहून अधिक टिकलेले हवे. ही ‘तीन दिवसां’ची अट दिसायला किरकोळ वाटते. लाइट ड्युटीचा खेळ तिच्याभोवतीच सुरू होतो.

किती मिळते?

कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, असे सूत्र आहे. मृत्यू झाल्यास ५० टक्के. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८, चाळीस वर्षांच्याचा १८४.१७. पण हिशेबासाठी वेतन कितीही असले तरी जानेवारी २०२० पासून ते कमाल १५ हजार रुपयेच धरले जाते. महिना ३० हजार मिळवणारा फिटर आणि १५ हजार मिळवणारा हेल्पर यांची बोटे कायद्याच्या तराजूत सारखीच भरतात. ही मर्यादा वाढवण्याची गरज आहे, यावर कामगार संघटना आणि वकील यांच्यात फारसे दुमत नसावे.

काही इजांची टक्केवारी परिशिष्टात ठरलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. म्हणजे १५ हजार वेतनाच्या तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला तर ९ हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १८ लाख ७१ हजार ८२० रुपयांच्या ३० टक्के : ५ लाख ६१ हजार ५४६ रुपये. हाच आकडा हाताशी धरून कामगाराने बोलणी करावीत. ‘साहेब ५० हजार देतो म्हणतात’ ही बातमी घरात पोहोचते तेव्हा हा हिशेब कुणी करून दाखवलेला नसतो.

परिशिष्टात नसलेली इजा, उदाहरणार्थ सरकलेली मणक्याची चकती, असेल तर कमावण्याची क्षमता किती टक्के घटली ते डॉक्टर ठरवतात. इथे शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व यात फरक पडतो. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे टक्केवारी शंभरहून कमी होत होती. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्केच, असे न्यायालयाने मानले. हात किती गेला यापेक्षा त्या हाताने भाकर कशी मिळत होती, हे महत्त्वाचे.

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते आणि महिन्याभरात द्यावी लागते. १९२३ च्या कायद्यात उशिरासाठी १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड होता. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो भरपाईतून कापून घेता येत नाही.

हलक्या कामाचे गणित कायद्यात आहे?

आहे, आणि ते शंभर वर्षे जुने आहे. फक्त ते ‘लाइट ड्युटी’ या नावाखाली नाही, म्हणून कुणी शोधत नाही.

इजा बरी होईपर्यंतच्या काळाला कायदा ‘तात्पुरते अपंगत्व’ म्हणतो. ते पूर्ण असू शकते किंवा अंशतः. अपघाताच्या वेळी जे काम करत होता त्या कामातली कमाई घटली, की तात्पुरते अंशतः अपंगत्व झाले. प्रेसवरचा माणूस सहा आठवडे स्टोअरमध्ये बसून नोंदी करतो आणि त्याचा पगार कमी होतो, तेव्हा तो याच व्याख्येत बसतो. या काळात दर पंधरा दिवसांनी मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, भरपाई म्हणून मिळते. कमाल पाच वर्षे. अपंगत्व २८ दिवस किंवा अधिक टिकले तर पहिल्या दिवसापासून, नाहीतर पहिले तीन दिवस सोडून.

याच तरतुदीला एक परंतुक आहे आणि सगळी मेख तिथे आहे. पंधरवड्याची ही रक्कम, अपघातापूर्वीच्या निम्म्या मासिक वेतनातून अपघातानंतर मिळत असलेले निम्मे वेतन वजा करून जे उरते, त्याहून जास्त असू नये. वाक्य किचकट आहे, हिशेब सोपा आहे.

समजा आधीचे वेतन १५ हजार. माणूस घरीच असेल तर त्याला पंधरवड्याला ३,७५० रुपये, म्हणजे महिन्याला ७,५०० मिळतील. हलक्या कामावर त्याला १० हजार देऊ लागले. निम्मे आधीचे ७,५००, निम्मे आताचे ५,०००, फरक २,५००. म्हणजे पंधरवड्याला २,५०० आणि महिन्याला ५,००० भरपाई चालू राहते. १० हजार पगार अधिक ५ हजार भरपाई, बरोबर १५ हजार. हलके काम करून आधीचा पगार भरून निघतो. हलक्या कामावर ५ हजारच मिळाले तर भरपाई पूर्ण ७,५०० राहते आणि हातात साडेबारा हजार येतात.

म्हणजे १९२३ च्या इंग्रजी राजवटीतल्या मसुदाकारांनीही हे ओळखले होते की माणूस ‘आजारी’ आणि ‘ठणठणीत’ यांच्या मध्ये बराच काळ असतो आणि त्या काळातला पगारातला खड्डा कुणीतरी भरायचा असतो. नव्या संहितेतही हा हिशेब कायम आहे. तरीही कामगार हलक्या कामावर रुजू झाला की ‘आता पगार सुरू झाला, भरपाई बंद’ असे सांगून विषय मिटवला जातो. सांगणाऱ्यापैकी काहींना खरोखरच माहीत नसते.

मग विम्यातल्या कामगाराचे काय?

इथे उलटेच घडते. ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चांगला आहे : वेतनाच्या सुमारे ९० टक्के, आणि अपंगत्व टिकेल तोवर. १५ हजार वेतनाच्या माणसाला महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास. १९२३ च्या कायद्याने दिलेल्या साडेसात हजारांपेक्षा तो कितीतरी बरा.

पण विम्याच्या १९४८ च्या कायद्याचे कलम ६३ सांगत आले आहे की ज्या दिवशी माणूस काम करून वेतन घेतो त्या दिवसाचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ त्याला मिळणार नाही. तत्त्व म्हणून ते ठीक वाटते, एकाच दिवसाचे दुहेरी पैसे कशाला? पण तिथे ‘अर्धे काम, अर्धा लाभ’ अशी पायरीच नाही. एकतर पूर्ण सुट्टी आणि ९० टक्के, किंवा काम आणि शून्य. घरी बसून साडेतेरा हजार मिळणाऱ्याने १० हजारांवर हलके काम पत्करले तर त्याचे साडेतीन हजारांचे नुकसान होते. असा माणूस लवकर कामावर येण्यास का-कू करतो तेव्हा त्याला कामचुकार ठरवले जाते. तो फक्त हिशेब करत असतो.

ज्या विम्यात सगळ्यात जास्त संघटित कामगार आहेत, त्यातच हलक्या कामाला जागा नाही. ही उणीव दुरुस्त करायला फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. १९२३ च्या कायद्यातले ते परंतुक विम्याच्या नियमांत उचलून घेतले, हलक्या कामाचा पगार आणि आधीचा पगार यांच्यातील फरक विमा महामंडळाने भरायचे ठरवले, तर महामंडळाचाही खर्च वाचेल. आज ते पूर्ण ९० टक्के देते, तेव्हा फरकच द्यावा लागेल.

कंपन्यांना हलके काम देण्याची घाई का?

सगळ्यांना नसते. बहुतेक छोट्या कारखान्यांचे धोरण ‘पूर्ण फिट होऊन ये’ हेच असते. पण काही ठिकाणी उलटी घाई दिसते. काल बोटाला टाके पडले आणि आज माणूस स्टुलावर बसून बोल्ट मोजतो आहे, किंवा नुसताच बसला आहे. हजेरी मात्र लागली आहे.

त्याचे कारण ४८ तासांत आहे. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखान्याने तो अपघात निरीक्षकाला कळवला पाहिजे, असे कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ ने घालून दिले होते. दुसऱ्या दिवशी हजेरी लागली की कागदावर तो ‘कळवण्याजोगा’ अपघात राहत नाही. गेटवरच्या ‘सलग अपघातविरहित दिवस’ या फलकावरचा आकडा शून्यावर येत नाही. मोठ्या वाहन कंपनीकडे पुरवठादार म्हणून टिकायचे तर हा आकडा महत्त्वाचा असतो. शिवाय तीन दिवसांच्या आत माणूस ‘कामावर’ दिसला तर भरपाईचा दावाही कमकुवत करता येतो.

अशी लाइट ड्युटी ही अपघात लपवण्याची पद्धत आहे, तिला सवलत म्हणता येणार नाही. वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतील जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे ‘क्रश्ड’ हे अहवाल २०१९ पासून निघतात. हरियाणा आणि महाराष्ट्रातील, विशेषतः प्रेस मशीनवर बोटे गमावलेल्या कामगारांचे अनुभव त्यांत आहेत. विम्याचे कार्ड अपघात झाल्यानंतरच हातात पडणे, हा त्यातला वारंवार आलेला अनुभव. जिथे कार्डच अपघातानंतर निघते तिथे अपघाताचा अहवाल वेळेवर जाईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

तरीही हलक्या कामाची कल्पनाच वाईट आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. माणूस जितका जास्त काळ घरी बसतो तितके परत येणे अवघड होते. मशीन दुसऱ्याला दिलेले असते, हात आखडलेला असतो, मन खचलेले असते. योग्य वेळी, झेपेल असे काम मिळणे हा उपचाराचाच भाग आहे. वाद आहे तो वेळ आणि काम कोण ठरवणार, याचा.

नोकरीच गेली तर?

सरकारी आस्थापनेतील माणूस इथे सुरक्षित आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापना कुणाला काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर ढकलू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद तयार करायचे. एसटीच्या चालकाची नजर अधू झाली तर त्याला या आधारावर पर्यायी काम मागता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणच्या परिवहन महामंडळातील रंगांधळेपणामुळे काढलेल्या एका चालकाच्या बाजूने निकाल देताना पर्यायी काम शोधणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे बजावले.

एमआयडीसीतल्या प्रेस ऑपरेटरला हे कलम लागू नाही. त्याला आधार होता तो ईएसआय कायद्याच्या कलम ७३ चा : तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुरू असताना कामावरून काढता येत नव्हते. पण लाभ संपला, फिटनेस मिळाला, की ही ढालही संपत असे. त्यापुढे औद्योगिक विवाद कायद्याने एक फट ठेवली होती. सतत आजारी असण्याच्या कारणावरून केलेली सेवासमाप्ती ‘कपात’ मानली जात नाही, त्यामुळे कपातीची भरपाईही देय होत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही फट आहे. कामावर पाठ गेली, आणि पाठ गेली म्हणून काम गेले, अशा माणसाला ‘आजारी’ या खान्यात टाकणे सोपे होते.

सरकारी नोकरीत बोट गेले तर पर्यायी पद आणि खासगीत गेले तर फक्त टक्केवारी, या फरकाचे समर्थन कसे करायचे? निदान अपघात मालकाच्याच मशीनवर झाला असेल तेव्हा तरी खासगी मालकावर पर्यायी काम शोधण्याची जबाबदारी हवी.

आठ माणसांच्या वर्कशॉपने काय करायचे?

हा आक्षेप खरा आहे. तीन लेथ, दोन प्रेस आणि एक झाडू असलेल्या गाळ्यात हलके काम कुठून आणायचे? झाडू मारणे हे एकच हलके काम, आणि एका हाताने तेही धड होत नाही. मार्केट यार्डातल्या हमालाचे तर आणखी कठीण. पैसे वजनावर मिळतात, मग वजन न उचलता हमाली कशी करायची? माथाडी मंडळांकडे वारणी, मोजणी, पावत्या यांसारख्या कामांचा एक छोटा राखीव कोटा ठेवणे शक्य आहे. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनाही सभासद कारखान्यांमध्ये अशी कामे वाटून घेता येतील. कायद्याने सगळ्यांवर एकच ओझे टाकू नये. पण ५० किंवा १०० माणसांच्या पुढच्या कारखान्याला ‘आमच्याकडे हलके काम नाही’ म्हणण्याची मुभा असू नये.

चिठ्ठी मोघम असणे ही मात्र लहान-मोठ्या सगळ्यांची अडचण आहे. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टर ‘कामास अयोग्य’ याखेरीज ‘काही बदल केल्यास कामास योग्य’ असेही प्रमाणपत्र देतात. त्यावर टप्प्याटप्प्याने परत येणे, वेळेत बदल, कामात बदल आणि जागेत बदल असे पर्याय खुणा करण्यासाठी छापलेले असतात. आपल्याकडे विमा रुग्णालयाच्या नमुन्यात असे चार चौकोन छापायला कोणत्याही कायद्यात बदल करावा लागणार नाही.

तोवर कामगाराने काय करावे?

डॉक्टरांकडून ‘लाइट ड्युटी’ एवढेच लिहून घेऊ नये. किती किलोपर्यंत वजन, किती वेळ उभे राहणे, कोणता हात वापरायचा नाही, रात्रपाळी चालेल का, आणि पुन्हा तपासणी कधी, हे मराठीत किंवा इंग्रजीत स्पष्ट लिहून मागावे. चिठ्ठी देण्यापूर्वी तिचा मोबाइलवर फोटो काढावा. मालकाने दिलेले काम चिठ्ठीबाहेरचे असेल तर त्याच दिवशी लेखी, निदान व्हॉट्सॲपवर, कळवावे. अपघातापूर्वीच्या वर्षभराच्या पगारपावत्या जपाव्यात, कारण फरकाचा हिशेब त्यांवरच होतो. तोंडी दिलेल्या हलक्या कामाचा पगार किती, हेही विचारून घ्यावे.

परिशिष्टातली इजा असेल तर त्याच पगारावर काम सुरू ठेवल्याने ठरलेली टक्केवारी बुडत नाही. त्यामुळे ‘कामावर आलास म्हणजे तुझे काही बिघडलेले नाही’ या युक्तिवादाला घाबरण्याचे कारण नाही. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरांकडे तपासणीला बोलावले तर मात्र जावे. विनाकारण नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो.

भरपाईच्या हक्कांची माहिती नोकरीवर घेतानाच लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, कामगाराला समजणाऱ्या भाषेत द्यायची, हे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर आले. न दिल्यास ५० हजार ते एक लाख रुपये दंडाची तरतूद होती. अशी माहिती आपल्याला मिळाली होती का, हा प्रश्न राज्यातल्या कुठल्याही पाळीच्या सुट्टीत गेटवर उभे राहून विचारून पाहावा.

दावा अपघातापासून दोन वर्षांत भरपाई आयुक्तांपुढे दाखल करायचा असतो. अनेक ठिकाणी हे काम कामगार न्यायालय किंवा दिवाणी न्यायाधीश पाहतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. आणि स्टॅम्प पेपरवर ‘मला पूर्ण रक्कम मिळाली, यापुढे माझा काही हक्क नाही’ असे लिहून अंगठा घेतला असेल तरी कायद्याने दिलेली भरपाई सोडून देणारा असा करार मुळातच रद्दबातल असतो. ज्याचा अंगठा मशीनमध्ये गेला आहे त्याचा दुसऱ्या हाताचा अंगठा अशा कागदावर घेतला जातो, तेव्हा तो कागदही फोटो काढून ठेवण्यासारखा असतो.